शांत घोड्याचा भाव : सारंगखेड्याचा बाजार आणि काठीचा डोंगर

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की शहादा-दोंडाईचा रस्त्यावर घोड्यांचे ट्रक दिसू लागतात. हौद्यात आडव्या फळ्या टाकून, पायाखाली पेंढा अंथरून चार-सहा जनावरे उभी केलेली. टपावर चाऱ्याचे भारे, खोगिरे, चूल आणि भांडी. केबिनमध्ये पंजाब, राजस्थान नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेली, प्रवासाने आंबलेली माणसे. सगळे निघालेले असतात तापीकाठच्या सारंगखेड्याला. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले हे गाव. दत्ताची मूर्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तीन मुखे येतात. इथला दत्त एकमुखी. दत्तजयंतीला त्याची यात्रा भरते आणि तिच्या अंगाने देशातल्या नामांकित घोडेबाजारांपैकी एक उभा राहतो.

बाजार तीनशे वर्षांहून जुना असल्याचे सांगितले जाते. तो इथेच का रुजला, याचे उत्तर नकाशात सापडते. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून जात असे. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर अरबी घोडे उतरत, उत्तरेत आणि दख्खनमध्ये घोडदळे त्यांची वाट पाहत. मध्ये खानदेशाची काळी जमीन, डिसेंबरात भरपूर कडबा, नदीचे पाणी आणि उतरायला मोकळे मैदान. घोड्यांच्या सौदागराला याहून अधिक काय हवे? घोडदळे गेली, रस्ते बदलले, पण ठरलेल्या तिथीला ठरलेल्या ठिकाणी यायची सवय टिकली.

बाजारात शिरले की आधी घोड्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक जनावर अगाडी-पिछाडीने बांधलेले, म्हणजे पुढून दोन बाजूंना दोन दोर आणि मागच्या पायाला एक. तोंडाला हरभऱ्याचा किंवा चंदीचा तोबरा. कोणी खरारा करतो आहे, कोणी आयाळ विंचरतो आहे. मध्येच नालबंदाच्या हातोडीचा आवाज येतो. पलीकडे लगाम, रिकिबी, तंग, घुंगरू, कवड्यांच्या माळा आणि रंगीत गोंडे यांची दुकाने. त्याच्याही पलीकडे यात्रेचा नेहमीचा पसारा : पाळणे, भांडीकुंडी, शेतीची अवजारे, खाण्याचे ठेले. कानावर अहिराणी, गुजरी, हिंदी, मारवाडी आणि पंजाबी एकाच वेळी पडतात. सौद्याच्या वेळी त्यातली कोणतीही चालते. गेल्या दशकात या सगळ्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ असे नाव मिळाले, पर्यटन खात्याचे पाठबळ आले, तंबूंची वसाहत आली, स्पर्धांना मोठे मैदान मिळाले. तरी पहाटे धुक्यात तबेल्यांमधून फिरणारा खरा गिऱ्हाईक फेस्टिव्हलच्या आधीपासूनचाच आहे. तो मैदानाकडे बघत नाही, घोड्याच्या तोंडात बघतो.

ही परीक्षा जवळून पाहण्यासारखी असते. खरेदीदार घोड्याच्या डाव्या बाजूने येतो, मानेवर हात टाकतो आणि अंगठा जबड्याच्या कडेने आत सरकवतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला दात नसलेली जागा असते. लगामाची कडी तिथेच बसते आणि माणसाचा अंगठाही तिथे सुखरूप राहतो. तोंड उघडले की वय कळते. दुधाचे मधले दोन दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांच्या घोड्याचे तोंड पुरे झालेले असते. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात आणि दातांची ठेवण पुढे झुकू लागते. जाणत्याला त्यावरून अंदाज बांधता येतो. मग हात खाली पायांवर उतरतो. गुडघा, नळी, गाठ आहे का, ऊब आहे का. खूर उचलून तळवा पाहतात. शेवटी घोडा सरळ रेषेत चालवून, वळवून पाहतात, कारण उभ्या घोड्याचा लंगडेपणा लपवता येतो, चालत्याचा नाही.

यानंतर येतात लक्षणे, आणि इथे शास्त्र संपून श्रद्धा सुरू होते. अंगावरचे केसांचे भोवरे कुठे आहेत, यावर सौदा ठरतो किंवा मोडतो. मानेवरचा देवमण शुभ. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी भाग्याचा. रंगांची नावे फारसीतून आली आणि इथली झाली : कुमैत, मुश्की, अबलख, नुकरा. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा लग्नाच्या वरातीला हवा असतो, म्हणून त्याला मागणी. कान टोकाला एकमेकांकडे वळलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे दुरूनही ओळखू येतात. उंची इंचांत मोजतात, आणि एकेका इंचावर भाव चढतो. एखाद्या घोड्याची किंमत लाखांच्या पुढे सांगितली गेली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. सांगितलेली किंमत आणि झालेला सौदा यांच्यातले अंतर सगळ्या बाजाराला ठाऊक असते.

मैदानात गर्दी होते ती नाचासाठी. हलगी-ढोलाच्या ठेक्यावर घोडा जागच्या जागी पाय उचलतो, कधी मागच्या दोन पायांवर उभा राहतो, कधी खाटेवर चढून नाचतो. बघणाऱ्यांच्या टाळ्या मिळतात. पण त्यासाठी जनावराला जे शिकवले जाते ते नेहमीच मायेने शिकवले जात नाही, हेही खरे. दुसरी गर्दी रेवाल चालीची. या चालीत एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे पाय बरोबर पडतात, त्यामुळे दुडक्या चालीतले हिसके स्वाराला बसत नाहीत. रेवाल घोड्यावर बसून हातातल्या पेल्यातले पाणी सांडता कामा नये, असे शौकीन सांगतात.

उंची, रंग, भोवरा, नाच आणि चाल यांनाच इथे मोल. या यादीत एक गुण सगळ्यांत शेवटी येतो, तोही उलट्या बाजूने. ‘ऐब नाही ना?’ असे विचारतात. चावत नाही, लाथ झाडत नाही, अडत नाही, बुजत नाही, एवढी खात्री करून घेतात. शांतपणा म्हणजे खोडीचा अभाव. त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. अंगापिंडाने बेताचा, रंगाने साधा, भर गर्दीतही मान खाली घालून कडबा खाणारा घोडा रांगेच्या टोकाला बांधलेला असतो आणि त्याच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही.

बाजाराबाहेरचे चित्र पाहिले तर या घोड्याची काळजी वाटते. २०१२च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९च्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट. कारणे उघड आहेत. टांगे गेले, मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांना २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. सैन्यात घोडदळाची परंपरा जयपूरची ६१ कॅव्हलरी चालवते, तीही प्रामुख्याने संचलन आणि पोलोसाठी. मराठ्यांच्या मोहिमांमध्ये दौडलेल्या भीमथडी तट्टाची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, ती अगदी अलीकडे. तोवर ते बहुतेक धनगरांच्या वाड्यांबरोबर सामान वाहत फिरत होते आणि आपल्याला ते नुसते ‘तट्टू’ वाटत होते. मिरवायचा घोडा टिकला, कारण वरात आणि शौक टिकला. राबणारा घोडा मात्र कमी होत गेला.

याच जिल्ह्यात सारंगखेड्याच्या सपाटीवरून उत्तरेला पाहिले की सातपुड्याच्या रांगा दिसतात. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट चढून मोलगी आणि तिथून जवळच काठी. जुन्या पश्चिम खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी एका संस्थानाचे हे गाव. महाराष्ट्रभर ते माहीत आहे राजवाडी होळीसाठी. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार झाले की रात्रभर चालत माणसे काठीला येतात. नवस असलेले पुरुष आधीचे काही दिवस पाळणी पाळतात : जमिनीवर झोपणे, पायात काही न घालणे, ब्रह्मचर्य. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, अंगावर राखेच्या रेघा अशा वेशात बुध्या आणि बावा नाचतात. उंच बांबू उभा करायचा खड्डा हातांनी खणायचा रिवाज आहे. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते पहाटे. सारंगखेड्यात माणसे विकायला-विकत घ्यायला येतात. काठीला नवस फेडायला आणि नाचायला येतात.

या डोंगरात घोडा मिरवायचा नसतो. रस्ता संपतो तिथून पुढच्या पाड्यांवर धान्य, मीठ, तेल नेण्यासाठी तो वापरला जातो. हा घोडा लहानखुरा, खडकावर पाय जपून टाकणारा, ओझ्याखाली न कुरकुरणारा. त्याचे भोवरे कोणी मोजत नाही. नर्मदेच्या पलीकडे छोटा उदेपूर आणि अलिराजपूरकडे गेले की घोड्याचे आणखी एक रूप दिसते. तिथले राठवा आदिवासी घरातल्या भिंतीवर पिथोराचे चित्र काढून घेतात. घरात दुखणे आले, गुरे दगावली, पीक बसले की बडव्याच्या, म्हणजे तिथल्या भगताच्या, सांगण्यावरून नवस बोलला जातो, आणि तो फेडताना भिंतीवर रंगीत घोड्यांची वरात उतरते. गुजरातच्या पूर्व पट्ट्यातल्या आदिवासींच्या देवस्थानांत मातीचे घोडे वाहिलेले आढळतात. दुखणे आणि घोडा यांची सांगड इथल्या माणसाला नवी नाही. ती त्याच्या श्रद्धेत आहे. वैद्यकाने ती गेल्या शंभर वर्षांत वेगळ्या वाटेने गाठली.

त्या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांचे. १९४४ मध्ये, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांनी पुन्हा घोड्यावर बसायला सुरुवात केली. चढायला-उतरायला दुसऱ्याचा आधार लागे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला आणि ज्युबिली नावाच्या घोडीवर हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदकाचे मानकरी, स्वीडनचे हेन्री सेंट सीर, त्यांना हात देऊन पदकाच्या चौथऱ्यावर घेऊन गेले. पुढच्या ऑलिंपिकमध्येही त्या दुसऱ्याच आल्या. पाहणाऱ्यांच्या मनात साहजिकच विचार आला, की ज्या पायांना जमीन साथ देत नाही त्यांना घोडा साथ देत असेल तर हे इतरांनाही का मिळू नये? १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. १९९६च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून ड्रेसाज तिथल्या स्पर्धांतही आले.

यामागची क्रिया सोपी आहे. घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, शिवाय थोडी पिळवटते. माणूस चालताना त्याच्या कमरेच्या हाडांची हालचाल जवळजवळ अशीच होते. ज्या मुलाला स्वतः चालता येत नाही, त्याच्या कमरेला घोडा चालण्याचा अनुभव देतो. तोल सांभाळण्यासाठी पोट, पाठ आणि मानेचे स्नायू पावलागणिक कामाला लागतात. घोड्याची ऊब मांड्यांच्या ताठरलेल्या स्नायूंना सैल करते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बसण्याच्या तोलावर आणि धडाच्या ताब्यावर याचा चांगला परिणाम दिसतो. स्वमग्न मुलांमध्ये लक्ष आणि संवाद सुधारल्याचे अनुभव आहेत. मूळ आजार याने बरा होत नाही, आणि फिजिओथेरपीची जागाही हे घेत नाही. काहींना तर घोड्यावर बसवायचेच नसते : ज्यांच्या मानेचा मणका अस्थिर आहे, फिट्स आटोक्यात नाहीत, हाडे ठिसूळ आहेत किंवा खुबा निखळलेला आहे. म्हणून आधी डॉक्टरची परवानगी आणि मग रिकीब.

अशा उपचाराच्या केंद्रावरचा एक फेरा डोळ्यांपुढे आणून पाहा. लाकडी चढण आहे. चाकाची खुर्ची तिच्यावरून घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत जाते. घोडा चढणीला खेटून उभा आहे. दोन माणसांनी मुलाला उचलून त्याच्या पाठीवर ठेवले. मुलाचा तोल गेला आणि त्याने आयाळ मुठीत घट्ट धरून ओढली, मोठ्याने किंचाळलाही. घोड्याने एक कान मागे वळवला. बाकी हलला नाही. एक जण पुढे दोर धरून चालतो, दोघे दोन्ही बाजूंनी, एकेक हात मुलाच्या मांडीवर. एका स्वाराला तीन माणसे. घोडा फार उंच असेल तर बाजूच्यांचे हात पोचणार नाहीत. चाल हिसक्याची असेल तर मुलाच्या मणक्याला त्रास. रेवाल चालीचाही उपयोग नाही. हवी ती साधी, चार ठोक्यांची, एका लयीतली चाल. आणि घोडा बुजरा असेल तर सगळेच संपले.

इथेच सारंगखेड्याची यादी उलटी होते. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला सगळे दिसते, आणि दिसलेल्या प्रत्येक अनोळखी गोष्टीपासून पळावे असे त्याला उपजत वाटते. चाकाची खुर्ची, कुबड्या, अचानक किंचाळणे, पाठीवर एका बाजूला कललेले वजन, या प्रत्येक गोष्टीने त्याने उधळायला हवे. तो उधळत नाही, कारण कोणीतरी वर्षानुवर्षे त्याला सवय लावलेली असते आणि त्याचा मूळ स्वभावही तसा असतो. अशी केंद्रे तरणा, उमदा घोडा शोधत नाहीत. त्यांना जग पाहिलेला, बारा-पंधरा वर्षांचा, मध्यम उंचीचा, रुंद पाठीचा घोडा चालतो. आपल्या बाजारात या वयाला भाव कोसळलेला असतो. काठीच्या डोंगरातल्या ओझ्याच्या घोड्यात यांतले बरेच काही आहे : कमी उंची, जपून टाकलेले पाऊल, माणसाजवळ राहायची सवय. त्याला अंगाने जड मुलाचे वजन पेलेल का, पाठ निरोगी आहे का, हे जनावरागणिक तपासावे लागेल. पण शोध सुरू करायचा तर रांगेच्या या टोकापासून.

असे केंद्र चालवणे म्हणजे फक्त घोडे पाळणे नव्हे. घोडा दिवसभर थोडे थोडे खाणारे जनावर. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे चारा बदलला, पाणी कमी पडले की पोटशूळ जिवावर बेतू शकतो. खुरांची निगा दर सहा-आठ आठवड्यांनी. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो आणि त्यात बाधित जनावर मारावे लागते, म्हणून लोकांत वावरणाऱ्या प्रत्येक घोड्याची रक्ततपासणी हवीच. मोठ्या बाजारांनाही हा नियम तितकाच लागू आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट, शिकलेला प्रशिक्षक, डोक्याला हेल्मेट. आणि सगळ्यांत महाग गोष्ट म्हणजे त्या तीन माणसांचे हात. परदेशातली केंद्रे ते स्वयंसेवकांच्या बळावर चालवतात, आणि स्वयंसेवक गोळा होतात मेळाव्यांतून. वर्षातून काही वेळा तिथे खुला दिवस असतो. मुले घोड्याला खरारा करतात, छोट्या स्पर्धा होतात, रिबिनी वाटल्या जातात, आईबाप एकमेकांशी बोलतात, गावातले कोणी हातभार लावायला पुढे येते. बाहेरच्याला ही करमणूक वाटते. केंद्राचा तबेला त्यावरच चालतो.

मेळावा भरवणे ही गोष्ट नंदुरबार जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. तापीकाठी शेकडो वर्षे घोडे ओळखणारे हात आहेत. सातपुड्यात नवस बोलून रात्रभर दुसऱ्याच्या बरोबरीने नाचणारा समाज आहे. घोड्याचा आणि दुखण्याचा संबंधही इथल्या भिंतींवर काढलेला आहे. ज्या जिल्ह्यात अपंग मुलाला उपचारासाठी डोंगर उतरून तालुक्याला न्यावे लागते, तिथे या तिन्हींची गाठ घालणे निदान विचार करण्याजोगे आहे.

सुरुवात मोठी असायची गरज नाही. सारंगखेड्याच्या मैदानात नाचाला, उंचीला, रेवाल चालीला बक्षीस आहे. त्याच मैदानात एक बक्षीस शांत घोड्याला ठेवता येईल. छत्री उघडली, ढोल वाजला, चाकाची खुर्ची शेजारून गेली, अनोळखी मुलाने आयाळ धरली, तरी जागा न सोडणाऱ्या घोड्याला. परीक्षक म्हणून एक पशुवैद्य आणि एक फिजिओथेरपिस्ट. बाजाराची नजर बक्षिसामागे फिरते, हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उंचीला बक्षीस असते म्हणूनच उंचीला पैसे मिळतात. शांतपणाला भाव आला तर पाळणारा शिंगराला मारून नाचवण्याऐवजी माणसाळवण्यावर वेळ घालवेल, वय झालेल्या घोड्याला कवडीमोलाने विकणार नाही, आणि राबणाऱ्या घोड्याला पशुगणनेत पुन्हा थोडी जागा मिळेल. पंचकल्याणी मिळणे नशिबाची गोष्ट असेल. शांत घोडा मात्र घडवता येतो, आणि घडवायला लागणारी माणसे दर मार्गशीर्षात आपण होऊन सारंगखेड्याला येतात.